पाणी कुठे अडले?

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर लागला आणि घर तापेना, की घरातली माणसे आधी बॉयलरकडे पाहतात. बॉयलरवरचा दिवा लागलेला असतो, आत ज्योत पेटल्याचा आवाज येत असतो, गॅसचे मीटर फिरत असते आणि तरीही मुलांच्या खोलीतला रेडिएटर हाताला गार लागतो. मग कुणीतरी सांगते, बॉयलर जुना झालाय, बदलून टाका. हा सल्ला काही हजार पौंडांना पडतो आणि पुष्कळदा तो चुकीच्या प्रश्नाचे उत्तर असतो. उष्णता तयारच होत नाही, हा एक बिघाड. तयार झालेली उष्णता खोलीपर्यंत पोचत नाही, हा अगदी वेगळा. दुसऱ्या प्रकारात बॉयलर निर्दोष असू शकतो. दोष पाण्याच्या वाटेत कुठेतरी दडलेला असतो. ती वाट समजावून सांगणारे पुस्तक मराठीत यावे असे मला फार वर्षे वाटत होते. ते आता वाचकांच्या हाती पडते आहे आणि त्याची प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

स्लाउ, हाउन्सलो, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा गावांत आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. आपल्यापैकी बहुतेकांना गरम पाणी ठाऊक असते ते अंघोळीचे. गिझरमध्ये पाणी तापते, नळातून येते, मोरीतून वाहून जाते. रेडिएटरच्या पाण्याचे तसे नसते. ते नळाला कधीच येत नाही. बॉयलरमधून निघून ते घरभर फिरते, खोल्यांना आपली ऊब देऊन थंडावते आणि पुन्हा बॉयलरकडे परतते. तेच पाणी, दहा-दहा वर्षे. एकच कॉम्बी बॉयलर अंघोळीचे पाणीही तापवतो आणि रेडिएटरचेही, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. ती एकमेकांत मिसळत नाहीत, हे लेखकाने पहिल्याच प्रकरणात चित्रासह दाखवले आहे आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या पुस्तकाचा पाया तिथेच घातला गेला आहे. कारण जे पाणी वर्षानुवर्षे बदलत नाही, त्याची प्रकृती बिघडते. आणि जे पाणी फिरायलाच हवे, ते अडू शकते. घर न तापण्याच्या तक्रारींतला मोठा भाग या दोन वाक्यांत येतो.

उष्णता वाहून नेण्यासाठी पाणीच का, हे आधी समजून घेतलेले बरे. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता सोडते, तेवढी सोडायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या नळातून आख्खे घर तापवता येते. हिशेबही सोपा आहे. घराला १० किलोवॉट उष्णता हवी असेल आणि पाणी ७० अंशांवर निघून ५० अंशांवर परतत असेल, तर मिनिटाला ७ लिटरच्या आसपास पाणी फिरले पाहिजे. ते फिरले नाही तर बॉयलर कितीही नवा आणि कितीही महागडा असो, तो फक्त स्वतःच्या पोटातले पाणी तापवतो, ठरलेल्या मर्यादेला पोचतो, बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो. हे सारखे पेटणे-विझणे ज्याच्या कानावर पडते, त्याने बॉयलरवर संशय घेण्याआधी पाण्याचा विचार करावा.

पाणी फिरते कशाच्या जोरावर? पुण्यातल्या घराच्या गच्चीवर ज्याने सोलर हीटर पाहिला आहे, त्याने या प्रश्नाचे जुने उत्तर पाहिलेले आहे. तिथे टाकी वर असते, उन्हाची पट्टी खाली असते आणि मध्ये पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते. २० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वजन ९९८ किलो भरते, ८० अंशांच्या पाण्याचे ९७२ किलो. या फरकावर सगळा व्यवहार चालतो. युरोपातली घरेही पूर्वी अशीच तापत. पण हा जोर किती तोकडा असतो ते पाहा. पाच मीटर उंचीच्या दोन मजली घरात जाणारे पाणी ८० आणि येणारे ६० अंशांचे असेल, तर पाण्याला मिळणारी ढकल सहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढीसुद्धा भरत नाही. एवढ्याशा जोराला अडथळा झेपत नाही, म्हणून जुन्या घरांतले नळ मनगटासारखे जाड आणि वळणे सैल. १९२८ साली जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी नळातच बसणारा, विजेवर चालणारा पंप आणला आणि चित्र पालटले. आजचा साधा घरगुती पंप पाच-सहा मीटर उंचीच्या पाण्याएवढा जोर लावतो, म्हणजे वरच्या आकड्याच्या सुमारे शंभरपट. नळ २२ आणि १५ मिलिमीटरवर आले. पुढे ब्रिटनमध्ये उत्तर समुद्रातला गॅस आला, १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरची घरे त्या गॅसवर नेण्यात आली, घरोघरी रेडिएटर बसले आणि त्या काळातल्या कित्येक वसाहतींत तर ८ आणि १० मिलिमीटरचे नळ फरशीखालून फिरवले गेले. पंपाने नळ बारीक करण्याची मुभा दिली आणि बारीक नळांनी गाळाला संधी दिली. आज मराठी कुटुंबे ज्या घरांत भाड्याने राहतात किंवा जी विकत घेतात, त्यांतली बरीचशी याच काळातली आहेत.

आता निदानाकडे. लेखकाची पद्धत मला आवडली ती अशासाठी, की ती हातापासून सुरू होते. हीटिंग चालू करा, पंधरा मिनिटे थांबा आणि बॉयलरखालचे नळ जपून चाचपून पाहा. ७० अंशांचा नळ हात भाजतो, म्हणून बोट लावून लगेच काढायचे. रेडिएटरकडे जाणारा नळ चटका देणारा आणि परतीचा नळ बराच वेळ थंड, तर पाणी वाटेत कुठेतरी अडले आहे किंवा पंप फिरत नाही. दोन्ही नळ जवळजवळ सारखेच गरम, तर पाणी जवळच्याच कुठल्यातरी वाटेने वळून परत येते आहे, लांब जातच नाही. दोन्ही थंड, तर मात्र प्रश्न बॉयलरचा, थर्मोस्टॅटचा किंवा घड्याळाचा. या एका तपासणीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते आणि तिला एकही हत्यार लागत नाही. नंतर घरभर फिरून प्रत्येक रेडिएटर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चाचपायचा आणि कागदावर टिपायचा. हा कागद इंजिनिअर आल्यावर त्याच्या हाती द्यावा. ज्याच्या हाती असा कागद पडतो, तो माणूस सहसा घाईने नवा बॉयलर सुचवत नाही.

रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल, तर वर हवा साठली आहे. हीटिंग बंद करावे, पाणी निवू द्यावे, छोट्या चावीने वरच्या कोपऱ्यातला स्क्रू अर्धा फेरा सैल करावा, खाली फडके धरावे. फुसफुस थांबून पाण्याची धार लागली की स्क्रू बंद. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्यानंतर बॉयलरवरचा प्रेशरचा काटा पाहायचा असतो, हे फार थोड्यांना माहीत असते. हवा गेली की तेवढी जागा मोकळी होते आणि दाब उतरतो. बंद प्रकारच्या व्यवस्थेत थंड असताना तो १ ते १.५ बार असावा. त्याहून बराच उतरला तर वरच्या मजल्यापर्यंत पाण्याचा दाब पुरत नाही, आणि पुष्कळ बॉयलर तर पेटायलाच नकार देतात. हवा काढली आणि घर जास्तच गार पडले, या तक्रारीचे कारण हे असते.

याउलट रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी गार असेल, तर तिथे गाळ बसला आहे. या गाळाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. या विषयातली सगळ्यांत महाग चूक इथेच घडते, आणि घडल्यावर बरीच वर्षे ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

रेडिएटर पोलादाचे असतात, नळ तांब्याचे, बॉयलरच्या आतला उष्णता देणारा भाग बहुधा ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पोलादाला खातो. पहिल्यांदा भरलेल्या पाण्यातला प्राणवायू थोड्याच काळात संपतो आणि पाणी तेच राहिले तर गंजण्याचा वेग पुष्कळच मंदावतो. प्राणवायू कमी असताना लोखंडाचा जो गंज होतो तो लाल नसतो. तो काळा, दळदार आणि लोहचुंबकाला चिकटणारा असतो. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो तयार होताना हायड्रोजनही सुटतो. म्हणूनच काही घरांत एकाच रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा ‘हवा’ भरते. ती हवा नसते, आत गंज चालू असल्याची खूण असते. हा वायू जळणारा आहे, त्यामुळे रेडिएटरची हवा काढताना जवळ ज्योत असू नये.

मग वेळोवेळी पाणी भरणाऱ्या माणसाचे काय होते? काटा उतरला की तो बॉयलरखालची जाळीदार वेणीची नळी, म्हणजे फिलिंग लूप, उघडतो आणि नवे पाणी आत घेतो. काटा वर येतो, घर तापते, माणूस निश्चिंत होतो. नव्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत गेलेला असतो. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात पाणी चुनखडीचे आहे, तिथे चुनाही आत जातो आणि बॉयलरच्या सगळ्यांत तापलेल्या भागावर थर धरतो. किटली उकळल्यासारखा आवाज येतो तो त्यामुळे. वर्षातून एखाद्या वेळी पाणी भरावे लागले तर त्यात चिंतेचे काही नाही. दर आठवड्याला भरावे लागत असेल, तर भरणारा माणूस आपल्याच रेडिएटरना गंज पुरवतो आहे. पाणी कमी होते म्हणजे ते कुठूनतरी जाते. ती जागा शोधल्याशिवाय नळी उघडत राहणे मला अजिबात मान्य नाही, आणि लेखकानेही तेवढ्याच ठामपणे लिहिले आहे याचे समाधान वाटते.

पाणी जाते कुठून? कधी व्हॉल्व्हच्या देठाशी ओल दिसते, हिरवट डाग पडतो. कधी फरशीखाली गळती असते. पण फार वेळा पाणी घराबाहेर, भिंतीतून डोकावणाऱ्या तांब्याच्या छोट्या नळीतून जाते आणि कुणी तिकडे बघत नाही. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर नेले तर ते जवळपास ३ लिटरने फुगते. या फुगवट्याला जागा देण्यासाठी बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल असते. आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबाखालची हवा. ही हवा वर्षानुवर्षे हळूहळू निघून जाते. मग पाण्याला फुगायला जागा उरत नाही, तापल्यावर काटा ३ बारवर जातो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी त्या बाहेरच्या नळीतून सांडते. सकाळी घर निवले की काटा शून्यावर. घरमालक पाणी भरतो, आणि रात्री तेच पुन्हा. काटा थंड असताना फार खाली आणि तापल्यावर फार वर जात असेल, तर हेच कारण समजावे. दुरुस्ती बहुतेकदा पंपाने हवा भरण्याएवढी असते, पण ती जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी.

गाळ कुठे साचला आहे हे ओळखण्याची एक युक्ती पुस्तकात आहे. ती जुनी आहे आणि अचूक आहे. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही. नळावरून चुंबक फिरवत जा. जिथे तो चिकटेल, तिथे आत काळा गाळ बसला आहे. माळ्यावर छोटी टाकी असलेल्या जुन्या, उघड्या प्रकारच्या व्यवस्थेत टाकीचा नळ मुख्य नळाला जिथे मिळतो, तिथे असा गाळ हटकून सापडतो. तेवढा दोन हात नळ कापून नवा घातला की घर तापू लागते. फक्त गाळ का झाला हा प्रश्न तसाच राहतो, आणि पाण्यात गंजरोधक रसायन घातल्याशिवाय, परतीच्या नळावर चुंबकी गाळणी बसवल्याशिवाय तो सुटत नाही. या दोन्ही गोष्टी आता ब्रिटिश मानक बीएस ७५९३ च्या २०१९ च्या आवृत्तीत आहेत. नवा बॉयलर बसवून घेणाऱ्याने त्या लेखी मागाव्यात. जुन्या घाणेरड्या पाण्यावर नवा बॉयलर चढवला, तर त्याच्या आतल्या बारीक वाटा पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच तुंबू शकतात.

साफसफाईच्या बाबतीत माझे लेखकाशी थोडे वेगळे मत आहे. ते सरसकट यंत्राने जोरात पाणी फिरवून धुण्याची, म्हणजे पॉवरफ्लशची शिफारस करतात. चाळीस वर्षांच्या रेडिएटरचा पत्रा आतून पातळ झालेला असतो. कधी कधी गाळच त्याची भोके बुजवून असतो. अशा घरात मी आधी रेडिएटर एकेक करून उतरवीन, अंगणात नेऊन बागेच्या पाइपने आतून धुवीन, आणि नळांसाठी सौम्य रसायन आठवडा-दोन आठवडे फिरवून काढून टाकीन. वेळ जास्त लागतो, पण नंतर गालिच्यावर काळे पाणी पसरत नाही. आणि ८ मिलिमीटरचा नळ पूर्ण तुंबला असेल, तर कुठलेही यंत्र त्याला उघडील याची खात्री देता येत नाही. तिथे नवा नळ टाकणेच बरे.

आता समतोलाची गोष्ट. बॉयलरजवळचे रेडिएटर पोळतात, लांबचे कोमट राहतात. गाळ नाही, हवा नाही, पंप ठीक. हा बिघाड म्हणता येत नाही, हा वाटपातला अन्याय आहे. महाराष्ट्रातल्या कालव्यावर तोंडाशी असलेल्या शेताला पाणी भरपूर मिळते आणि टेलचा शेतकरी पाटाकडे बघत बसतो, नेमके तसे इथे होते. पाणी जवळची, सोपी वाट धरते. उपाय म्हणजे तोंडाशी असलेल्यांची दारे आवळणे. प्रत्येक रेडिएटरला दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह असतात. एक आपण फिरवतो तो; दुसरा प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेला, त्याला लॉकशील्ड म्हणतात, आणि तो या वाटपासाठीच असतो. सगळ्यांत आधी तापणाऱ्या रेडिएटरचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून फक्त पाव-अर्धा फेरा उघडायचा, पुढच्याचा थोडा जास्त, शेवटच्याचा पूर्ण. प्रत्येक बदलानंतर थांबायचे, दोन्ही टोकांचे तापमान पाहायचे. जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात पंधरा-वीस अंशांचा फरक पडला की तो रेडिएटर आपल्या वाट्याचे काम करतो आहे. आजचे बॉयलर धुरातल्या वाफेतूनही उष्णता काढून घेतात, पण त्यासाठी परतीचे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली यावे लागते. समतोल नसेल तर पाणी तापलेलेच परत येते आणि ही बचत धुराड्यातून निघून जाते. म्हणजे गार खोली आणि फुगलेले बिल यांचे मूळ एकच असू शकते.

हा अन्याय कुणाच्या वाट्याला येतो, तेही सांगायला हवे. मुलीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या एका आईंना घरातली पाहुण्यांची छोटी खोली दिली होती. अशी खोली बहुधा नळाच्या शेवटच्या टोकाला असते. जानेवारी महिना. रेडिएटर गार. आईंनी तक्रार केली नाही, दोन स्वेटर घालून झोपल्या. मुलीच्या लक्षात आले तेव्हा तेलाचा विजेवरचा हीटर आणला गेला, तो रात्रभर चाले, आणि विजेचे युनिट गॅसच्या तिप्पट-चौपट महाग. कारण शेवटी निघाले ते असे: भिंत रंगवणाऱ्याने रेडिएटर उतरवला होता, परत बसवताना लॉकशील्ड उघडायचा राहून गेला होता. एक पाना आणि दोन फेरे, एवढीच दुरुस्ती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतल्या घरांसाठी किमान १८ अंश तापमान सुचवले आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना व तान्ह्या बाळांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. आपल्याकडची वडीलधारी माणसे थंडी वाजते असे मुलाच्या घरी सहजी बोलत नाहीत. म्हणून ती यायच्या आधी त्यांच्या खोलीतला रेडिएटर हात लावून पाहावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बाकीचे बिघाड पुस्तकात व्यवस्थित आले आहेत, मी ते फक्त ओझरते सांगतो. एकच रेडिएटर पूर्ण गार असेल तर तापमान ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची आतली पिन उन्हाळाभर दबून अडकलेली असते. डोके काढून ती हलक्या हाताने दाबली की मोकळी होते, मात्र पकडीने ओढू नये, ती निघून आली तर पाण्याची चिळकांडी उडते. नळ उघडला की रेडिएटर तापतात किंवा उन्हाळ्यातही एखादा रेडिएटर गरम राहतो, तर पाण्याची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह अडकला आहे. पंप उन्हाळाभर बंद राहून चिकटतो. महिन्यातून एकदा दहा मिनिटे हीटिंग चालवले तर ही वेळ येत नाही. आणि कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला, तर घराबाहेरची पाण्याच्या निचऱ्याची प्लॅस्टिकची नळी गोठली असेल. डिसेंबर २०१० च्या थंडीत देशभर असे झाले होते. नळीवर कोमट पाणी ओतावे, उकळते नको.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी लेखकाने स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ते मला या पुस्तकातले सगळ्यांत उपयोगी वाटते. नवे आलेले जोडपे घरमालकाला नाराज करायला कचरते आणि पहिला हिवाळा ब्लँकेटमध्ये काढते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ नुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात खोल्या आणि पाणी तापवण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे घरमालकाची जबाबदारी आहे. गॅसच्या उपकरणांची तपासणी दर वर्षी करून तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही घरमालकाने बसवायचा आहे. तक्रार लेखी करावी, वर सांगितलेला कागद सोबत जोडावा. ‘घर गार आहे’ या वाक्यापेक्षा ‘मागच्या दोन खोल्यांतले रेडिएटर खाली गार आहेत, काटा दर दोन दिवसांनी शून्यावर येतो’ या वाक्याला उत्तर लवकर येते.

हा विषय पुढे कमी महत्त्वाचा होईल असे कुणाला वाटत असेल, तर ते खरे नाही. गॅसच्या जागी हीट पंप येऊ लागले आहेत. त्यांचे पाणी ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात फरक सुमारे ५ अंशांचाच ठेवतात. त्याच १० किलोवॉटसाठी आता मिनिटाला २८-२९ लिटर पाणी फिरावे लागते, चौपट. जो अडथळा ७० अंशांचे पाणी कसेबसे झाकून नेत होते, तो हीट पंपाखाली उघडा पडेल. आज ज्यांचे नळ स्वच्छ आणि वाटप सारखे आहे, त्यांना उद्या हा बदल सोपा जाईल.

पुस्तकाची भाषा सरळ आहे. जिथे रोजच्या बोलण्यात ‘व्हॉल्व्ह’, ‘थर्मोस्टॅट’ म्हणतात तिथे लेखकाने तेच शब्द ठेवले आहेत. इंजिनिअरशी फोनवर बोलताना वाचकाला तेच लागणार आहेत, त्यामुळे हा निर्णय योग्य झाला. चित्रे भरपूर आहेत. पुढच्या आवृत्तीत माळ्यावरच्या टाकीच्या जुन्या व्यवस्थेवर आणखी काही पाने यावीत, एवढीच माझी सूचना.

एक हद्द मात्र वाचकाने पाळायची आहे. हवा काढणे, काटा पाहणे, समतोल साधणे, पिन मोकळी करणे, हे घरच्या माणसाचे काम. बॉयलरचे झाकण उघडणे हे त्याचे काम नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार गॅसचे काम पात्र आणि नोंदणी झालेल्या माणसानेच करायचे असते. एप्रिल २००९ पासून ही नोंदणी गॅस सेफ रजिस्टरकडे आहे. दारात आलेल्या इंजिनिअरकडे ओळखपत्र मागा, त्याच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामे करण्याची मुभा आहे ते छापलेले असते. आणि गॅसचा वास आला, तर हे पुस्तक बाजूला ठेवा, विजेचे एकही बटण दाबू नका, खिडक्या उघडा, घराबाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.